‘मी आत्ता स्वप्नात तर नाही ना?’ हा प्रश्न दिवसा का विचारायचा

दहावीचा गणिताचा पेपर. हॉलतिकीट घरी राहिलंय, नंबर कुठल्या वर्गात आलाय ते सापडत नाही, आणि सापडतो तेव्हा लक्षात येतं की वर्षभर आपण पुस्तकच उघडलेलं नाही. हे स्वप्न पडणारा माणूस बहुतेक वेळा चाळिशीचा असतो. घराचे हप्ते चालू असतात, कधीकधी त्याचाच मुलगा यंदा दहावीला असतो. तरी स्वप्नात त्याच्या मनात एकदाही येत नाही की, अरे, माझी दहावी तर केव्हाच झाली. शेजारच्या बाकावर ऑफिसातला अकाउंटंट बसलाय, पर्यवेक्षक म्हणून वारलेले आजोबा फिरतायत, आणि गड्याला यातलं काहीच खटकत नाही. घाम मात्र खराखुरा फुटतो.

गंमत म्हणजे या माणसाची स्मरणशक्ती स्वप्नात गेलेली नसते. त्याला आजोबा ओळखू येतात, नापास झालो तर बाबा काय म्हणतील हेही आठवतं. तो घाबरतो, धडपडतो, युक्त्या लढवतो. बंद असते ती एकच गोष्ट: ‘हे जे चाललंय ते नक्की काय आहे?’ असं थांबून स्वतःला विचारणं.

कधीतरी मात्र ते घडतं. आजोबांकडे बघताना मनात येतं, हे तर गेले, आपणच खांदा दिला होता, मग हे स्वप्नच असणार! आणि इतकं कळूनही जाग येत नाही. वर्ग तसाच राहतो, आजोबा तसेच फिरत राहतात, फक्त आता आपल्याला माहीत असतं. यालाच लुसिड ड्रीम म्हणतात. मराठीत सजग स्वप्न म्हणू. हा प्रकार दुर्मिळ नाही. पन्नास वर्षांतल्या अनेक पाहण्या एकत्र करून २०१६ साली केलेल्या एका अभ्यासात असं दिसलं की साधारण ५५ टक्के लोकांना आयुष्यात एकदा तरी असं स्वप्न पडलेलं असतं, आणि सुमारे २३ टक्क्यांना महिन्यातून एकदा किंवा जास्त वेळा पडतं. तेव्हा ही कुणा साधकाची सिद्धी वगैरे नव्हे. तुमच्या शेजारच्या काकूंनाही पडत असेल. त्यांनी कधी सांगितलं नाही इतकंच.

इंटरनेटवर या विषयाचं नाव काढलं की लगेच उडणं, हवं त्याला भेटणं, समुद्रावर चालणं सुरू होतं. स्वप्न आपल्या ताब्यात घ्यायची ही हौस समजण्यासारखी आहे, पण ती मला दुय्यम वाटते. कितीतरी सजग स्वप्नांत काहीच ताब्यात नसतं. माणसाला फक्त कळलेलं असतं. ते कळणं हीच मुख्य घटना. आणि तेच कळणं दिवसाढवळ्या, ऑफिसात, स्वयंपाकघरात, भावाच्या फोनवर वापरता येतं का, हा मला त्याहून जास्त कामाचा प्रश्न वाटतो.

झोपलेल्या माणसाने दिलेली खूण

आधी पुराव्याचं बोलू, कारण बरीच वर्षं शास्त्रज्ञांचा या गोष्टीवर विश्वासच नव्हता. झोपेत कधीकधी आतून काहीतरी ‘हे स्वप्न आहे’ असं सांगत असतं, हे ॲरिस्टॉटलनेही लिहून ठेवलंय. फ्रेडरिक व्हान ईडन या डच मनोविकारतज्ज्ञाने १९१३ मध्ये आपल्या अशा स्वप्नांवर सविस्तर निबंध लिहिला आणि ‘लुसिड ड्रीम’ हे नाव त्यानंतर रुळलं. पण नंतरचे संशोधक म्हणायचे की ही मंडळी अधूनमधून क्षणभर जागी होत असणार आणि त्यालाच स्वप्न समजत असणार. आक्षेप रास्त होता. झोपलेला माणूस साक्ष देणार कशी?

उत्तर डोळ्यांत सापडलं. ज्या झोपेत ठळक स्वप्नं पडतात तिला रेम झोप म्हणतात. ती १९५३ मध्ये शिकागो विद्यापीठात लक्षात आली. या झोपेत डोळे बंद पापण्यांखाली भराभर हलत असतात आणि बाकी शरीराचे स्नायू जवळजवळ पूर्ण ढिले पडलेले असतात. स्वप्नात आपण धावतो तेव्हा पलंगावरून उठून धावत नाही ते यामुळेच. चालू राहतात ते मुख्यतः डोळे आणि श्वास. इंग्लंडमधल्या हल विद्यापीठात कीथ हर्न या संशोधकाने नेमकं हेच पकडलं. ॲलन वर्स्ली नावाच्या, अशी स्वप्नं पडणाऱ्या माणसाशी त्याने झोपण्याआधी ठरवून घेतलं: स्वप्नात आहोत हे कळलं की डोळे ठरल्याप्रमाणे डावीकडे-उजवीकडे फिरवायचे. १२ एप्रिल १९७५ च्या सकाळी तपासणी यंत्राच्या कागदावर ती खूण उमटली. बाकीच्या रेघा सांगत होत्या की माणूस गाढ रेम झोपेत आहे; डोळ्यांची रेघ सांगत होती की त्याला दिलेला शब्द आठवतोय. पुढे काही वर्षांत अमेरिकेत स्टॅनफर्डमध्ये स्टीफन लाबर्जने स्वतंत्रपणे तसंच करून दाखवलं, आणि गाजावाजा त्याच्या कामाचा जास्त झाला. शास्त्रात हे नेहमीचंच.

२०२१ मध्ये गोष्ट आणखी पुढे गेली. अमेरिका, फ्रान्स, जर्मनी आणि नेदरलँड्समधल्या चार प्रयोगशाळांनी मिळून झोपलेल्या माणसांना प्रश्न विचारले. एका अमेरिकन तरुणाला रेम झोपेत विचारलं गेलं, आठ वजा सहा किती? त्याने डोळे दोनदा डावी-उजवीकडे फिरवले. दोन! हा आवाज स्वप्नात वेगवेगळ्या वेषात पोचतो. कुणाला तो बाहेरून कुणी बोलावं तसा ऐकू आला, कुणाला स्वप्नातल्या गाडीच्या रेडिओवरून. अर्थात याचा डंका पिटण्याआधी आकडे बघावेत: ३६ माणसं, १५८ प्रयत्न, त्यात बरोबर उत्तरं सुमारे १८ टक्के, आणि ६० टक्क्यांहून जास्त वेळा काहीच प्रतिसाद नाही. तरी झोपेतल्या माणसाने वजाबाकी करून उत्तर कळवलं, हे एकदाही घडलं तरी पुरेसं थक्क करणारं आहे.

मेंदूत यावेळी काय होतं? नेहमीच्या रेम झोपेत कपाळामागचा, नियोजन आणि तपासणी करणारा काही भाग मंदावलेला असतो, तर भावनांचे भाग जोरात चालू असतात. म्हणून घाम येतो, पण शंका येत नाही. सजग स्वप्नात त्या पुढच्या भागात पुन्हा हालचाल दिसते. हे प्रयोग फार थोड्या माणसांवर झालेत, कारण यंत्रात पडून नेमकं त्याच रात्री सजग स्वप्न पडणं ही सोपी गोष्ट नाही.

माझ्या मुद्द्याला धरून असलेला अभ्यास मात्र वेगळाच, आणि तो जागेपणीचा आहे. बर्लिनच्या मॅक्स प्लांक संस्थेत एलिसा फिलेविच आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये वारंवार सजग स्वप्नं पडणारे आणि क्वचित पडणारे अशा लोकांचे मेंदू तपासले. पहिल्या गटात कपाळामागच्या अगदी पुढच्या टोकाचा भाग सरासरीने मोठा होता. आणि हे लोक टक्क जागे असताना त्यांना ‘आत्ता तुमच्या मनात काय चाललंय ते बघा’ असं काम दिलं, तेव्हा त्या भागातली हालचालही जास्त दिसली. यातलं कारण कुठलं आणि परिणाम कुठला, हे अशा अभ्यासातून ठरत नाही. पण एक सुचवणी त्यात आहे: रात्री ‘हे स्वप्न आहे’ ओळखणारी क्षमता आणि दिवसा ‘माझ्या मनात आत्ता हे चाललंय’ ओळखणारी क्षमता या दोन वेगळ्या गोष्टी नसाव्यात.

दिवसा तरी कुठे चालू असते?

आपण धरून चालतो की जागे झालो म्हणजे ही क्षमता दिवसभर चालूच आहे. ती तशी नसते. स्वारगेटहून कोथरूडला स्कूटरवर घरी आलात. वाटेतला तिसरा सिग्नल लाल होता की हिरवा, सांगा पाहू. थांबलात नक्की, नाहीतर इथे वाचत बसला नसतात. पण ते कुणी केलं, हे तुम्हाला माहीत नाही. तुम्ही तेव्हा मेहुण्याशी मनातल्या मनात वाद घालत होता.

हार्वर्डच्या किलिंग्जवर्थ आणि गिल्बर्ट यांनी २०१० मध्ये २२५० प्रौढांना दिवसभरात अवचित फोनवर विचारलं, आत्ता काय करताय आणि मन कुठे आहे? जवळपास ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामात नव्हतंच. आणि १९९९ चा तो प्रसिद्ध प्रयोग: चेंडूचे पास मोजायला सांगून एक छोटी फिल्म दाखवली, मध्येच गोरिलाच्या वेषातलं माणूस येऊन छाती बडवून गेलं, आणि साधारण निम्म्या प्रेक्षकांना ते दिसलंच नाही. वर्गात वारलेले आजोबा फिरताना न खटकणं आणि डोळ्यांसमोर गोरिला न दिसणं यात मला फार अंतर वाटत नाही. दोन्हीकडे मन एका गोष्टीत इतकं गुंतलेलं असतं की बाकीचं तपासायला कुणी मोकळं नसतं.

यात आळस नाही, दोष तर मुळीच नाही. प्रत्येक क्षणी प्रत्येक गोष्ट तपासत बसलो तर सकाळचा चहा दुपारी होईल. मेंदू सतत समोरच्या जगाबद्दल अंदाज बांधत असतो. जागेपणी डोळे-कान-त्वचा त्या अंदाजाला दुरुस्त करत राहतात. पायरी आहे असं वाटून पाय टाकला आणि नसली, की लगेच कळतं. स्वप्नात बाहेरून येणारी ही दुरुस्ती जवळपास बंद असते, म्हणून अंदाज मोकाट सुटतो.

आता खरी मेख. जागेपणी डोळे पायऱ्या दुरुस्त करतात, पण अर्थ कोण दुरुस्त करणार? समोरच्याच्या कपाळाला आठ्या आहेत हे डोळे सांगतील. त्या माझ्यामुळे आहेत, हे डोळे सांगत नाहीत. ते आपण घालतो, आणि घातलंय हे आपल्याला कळत नाही.

शुक्रवारची रात्र, साडेनऊ. जेवणं व्हायचीत. साहेबांचा मेसेज येतो: ‘सोमवारी केबिनमध्ये भेटा. बोलायचंय.’ संपलं, एवढंच. ना नमस्कार, ना स्मायली. पावणेदहापर्यंत माणसाने गेल्या महिन्यातल्या तीन चुका आठवून काढलेल्या असतात. दहाला त्याच्या हातात राजीनामा असतो. सव्वादहाला तो सासऱ्यांना हप्त्यांबद्दल समजावतोय, मग पुन्हा केबिनमध्ये आहे आणि या वेळी साहेबांना असं काही सुनावतोय की साहेबांची मान खाली. मध्येच मुलीची शाळा बदलते, गावाकडचं घर भाड्याने दिलेलं परत मागावं लागतं. या सगळ्यात तो घरच्याच खुर्चीवर बसलेला आहे. जबडा आवळलेला, पोटात गोळा, पायाचा अंगठा हलतोय. बायको विचारते, “भात वाढू का?” आणि तो खेकसतो, “दोन मिनिटं शांत बसू देशील का?”

हे आणि दहावीचा पेपर शेजारी ठेवून बघा. जागा क्षणात बदलतात आणि कशी बदलली याचं नवल वाटत नाही. नसलेली माणसं समोर येऊन बोलतात. भीती खरी, घाम खरा. आणि हे नक्की काय चाललंय, असा प्रश्न शेवटपर्यंत येत नाही. फरक इतकाच की भात वाढायला उभी राहिलेली बायको स्वप्नातली नाही, आणि तिला लागलेला शब्दही.

कदाचित सोमवारी बातमी खरंच वाईट असेल. सजगता म्हणजे ‘उगाच काळजी करतोस, काही नसेल’ अशी समजूत नव्हे. ती समजूतसुद्धा एक गोष्टच आहे, जरा गोड इतकंच. सजगता म्हणजे एवढंच दिसणं की मेसेजमध्ये चार शब्द आहेत आणि बाकीचे तीन अंक माझं मन आत्ता लिहितंय. नाट्यगृहात दुसऱ्या अंकात आपण डोळे पुसतो, पण खलनायकाला अडवायला रंगमंचावर चढत नाही. रडणं खरं असतं आणि हे नाटक आहे हे माहीत असणंही. दोन्ही एकाच वेळी. सजग स्वप्नात नेमकं हेच होतं, आणि दिवसा जमवायचं तेही एवढंच.

नाक दाबून उपयोग नाही

सजग स्वप्नांच्या मागे लागलेले लोक दिवसा एक सराव करतात, त्याला रिॲलिटी चेक म्हणतात. नाक चिमटीत दाबून श्वास घेऊन बघायचा. स्वप्नात नाक दाबलं तरी अनेकदा श्वास येतो. एखादी पाटी वाचायची, नजर फिरवायची, पुन्हा वाचायची. स्वप्नात अक्षरं दुसऱ्यांदा बहुतेक बदललेली असतात, कारण ती धरून ठेवायला बाहेर खरी पाटीच नसते. हाताची बोटं मोजायची. कल्पना अशी की दिवसा सवय लागली की स्वप्नातही आपोआप बोटं मोजली जातील, सात भरतील, आणि कळेल.

ऐकायला झकास. पण माणूस पक्का बिलंदर. स्वप्नात बोटं मोजतो, सात भरतात, आणि म्हणतो, “हं, बरोबर आहेत.” कारण दिवसाही त्याने ती तशीच मोजलेली असतात: उत्तर आधीच ठरवून. ऑस्ट्रेलियात ॲडलेड विद्यापीठात डेनहोम ॲस्पी यांनी २०१७ मध्ये हे सराव तपासले. नुसत्या रिॲलिटी चेकने फारसा फरक पडला नाही. त्याला पहाटे उठून पुन्हा झोपण्याची आणि झोपताना ‘पुढच्या वेळी स्वप्न पडेल तेव्हा मला आठवेल की हे स्वप्न आहे’ असा संकल्प करण्याची जोड दिली, तेव्हा सुमारे १७ टक्के रात्री यश आलं. हा संकल्प म्हणजे लाबर्जची पद्धत. आपण ‘येताना कढीपत्ता आणायचा’ हे जसं आधी ठरवून योग्य वेळी आठवतो, तीच स्मरणशक्ती ती वापरते.

जर्मन मानसशास्त्रज्ञ पॉल थोले यांची पद्धत मला यातली सर्वांत प्रामाणिक वाटते. ते म्हणत, दिवसातून अनेकदा स्वतःला विचारा की मी जागा आहे की स्वप्नात, पण खरोखर विचारा. ‘जागाच आहे की’ हे उत्तर चटकन देऊ नका. पुरावा काय, ते बघा. सर्वांत चांगला पुरावा मागे वळून मिळतो. मी इथे कसा आलो? त्याआधी कुठे होतो? जागे असाल तर धागा सापडत जातो: खुर्चीवर बसलोय, त्याआधी लिफ्टमधून वर आलो, त्याआधी पार्किंगला जागा नव्हती म्हणून वॉचमनशी बोललो, त्याआधी चौकात दूध घेतलं. स्वप्नात हा धागा एक-दोन पायऱ्यांतच तुटतो. परीक्षेच्या वर्गात मी आलो कुठून? माहीत नाही. एकदम आतच होतो.

दिवसाच्या वापरासाठी मी यात एका प्रश्नाची भर घालतो: समोर नेमकं काय आहे, आणि मी त्यात काय घातलंय? शुक्रवारच्या त्या माणसाने सव्वादहाला मागे वळून बघितलं तर धागा असा निघेल: सासऱ्यांशी बोलतोय, त्याआधी राजीनामा, त्याआधी तीन चुका, त्याआधी चार शब्दांचा मेसेज. पहिल्या टोकाला फोनचा पडदा आणि या टोकाला खुर्ची. मधलं सगळं डोक्यात. इतकं दिसलं तरी पोटातला गोळा लगेच जात नाही. पण भाताच्या प्रश्नाला निदान भाताचं उत्तर देता येतं.

हा प्रश्न विचारायचा कधी? फोनमध्ये दर तासाचा गजर लावू नका. चार दिवसांत तो गजर कानाला ऐकू येईनासा होतो, आणि पाचव्या दिवशी आपण तो बंद करतो. घटनेशी बांधा. सजग स्वप्नवाले स्वप्नांची वही ठेवतात: जाग आली की हलायचं नाही, फोन घ्यायचा नाही, आठवेल ते आधी मनात धरायचं आणि मग दोन ओळी खरडायच्या. काही आठवड्यांत दिसतं की आपली स्वप्नं त्याच त्या चार गोष्टींभोवती फिरतात. कुणाला परीक्षा, कुणाला सुटलेली गाडी, कुणाला देवळाबाहेरून हरवलेल्या चपला. मग झोपताना त्या गोष्टींशी संकल्प बांधायचा: चपला हरवल्या की विचारेन.

दिवसाचीही अशी वही ठेवून बघा, मनातल्या मनात ठेवली तरी चालेल. प्रत्येकाचे दोन-तीन ठरलेले सापळे असतात, ज्यात पाय पडला की माणूस थेट स्वप्नातच जातो. जमिनीच्या वाटणीचा विषय निघाला की दादाचा तो सूर. निळ्या टिका आल्या तरी न आलेलं उत्तर. सिग्नल सुटायच्या आत मागून वाजलेला हॉर्न. सुनेने किंवा सासूने ‘राहू दे, मी करते’ म्हणणं (हे चार शब्द मराठी घरांत किती अर्थांनी येतात, त्यावर वेगळा प्रबंध होईल). यातले दोनच निवडा आणि आधी ठरवून ठेवा: दादाचा फोन आला की पहिल्या वाक्यानंतर विचारायचं, समोर काय आहे आणि मी काय घातलंय? सुरुवातीला हे फोन ठेवल्यावर आठवेल. मग बोलणं अर्ध्यावर आलं असताना आठवेल. तेही चालतं. स्वप्नातही बहुतेकांना सुरुवातीला जाग येता येता कळतं, आधी नाही.

आणि हो, आनंदाच्या वेळीही विचारा. बहुतेक लोक हे फक्त चिडचिडीवरचं औषध म्हणून वापरतात. सजग स्वप्नं पडणारे सांगतात की कळल्या क्षणी रंग गडद होतात, भिंतीचे पोपडेसुद्धा स्पष्ट दिसायला लागतात. पहिल्या पावसात गॅलरीत उभं राहून एकदा खरोखर विचारून बघा की हे स्वप्न आहे का. उत्तर शोधायला तुम्हाला पावसाकडे बघावंच लागेल.

हे खरं की ते खरं?

आपल्याकडे हा विषय नवा नाही, हे सांगायला कुणी ना कुणी येणारच, आणि ते बरोबरच आहे. मांडूक्य उपनिषदात फक्त बारा मंत्र आहेत आणि त्यांत जागृती, स्वप्न, सुषुप्ती (गाढ झोप) आणि तुर्या (या तिन्हींपलीकडची) या चार अवस्थांचा विचार आहे. पतंजलींनी योगसूत्रांच्या पहिल्याच पादात स्वप्न आणि झोप यांतलं ज्ञानही मन स्थिर करायला आधार म्हणून चालतं, असं म्हटलंय. तिबेटी बौद्धांमध्ये तर ‘मिलम’ म्हणजे स्वप्नयोग ही रीतसर साधना आहे. अकराव्या शतकातले भारतीय बौद्ध आचार्य नारोपा यांच्या सहा योगांत ती मोडते. या साधनेत क्रम लक्षात घेण्यासारखा आहे: सुरुवात दिवसापासून. दिवसभर, समोर जे येईल ते स्वप्नासारखं आहे असं स्मरण ठेवायचं, मग रात्रीचं बघू.

कीर्तनात जनक राजाची गोष्ट ऐकली असेल. राजाला स्वप्न पडतं की राज्य गेलं, तो भिकेला लागला, मोठ्या मुश्किलीने मिळालेली खिचडी कावळ्या-घारींनी की बैलांनी, सांगणारा जो असेल त्याप्रमाणे, मातीत मिळवली. दचकून जागा होतो तर महाल, दास, पंखा. तेव्हापासून तो भेटेल त्याला एकच विचारतो, हे खरं की ते खरं? अष्टावक्र ऋषी सांगतो: ना हे, ना ते, दोन्ही बघणारा तू मात्र दोन्हीकडे होतास.

ही गोष्ट मला आवडते, पण तिचा उपयोग फार बेरकीपणे केला जातो. ज्याला उसने पैसे परत करायचेत, त्याच्या तोंडी ‘सगळी माया आहे’ हे वाक्य शोभत नाही. आपल्या मनाने घातलेला अर्थ स्वप्नासारखा आहे म्हणजे भिंत, भूक आणि दुसऱ्याचं दुखणं स्वप्नासारखं आहे असं नव्हे. किमान आपल्यासारख्या संसारी माणसाने ही रेघ पुसू नये. म्हणूनच सजग स्वप्नवाल्यांचा एक नियम कधीही मोडायचा नाही: स्वप्न आहे का हे तपासायला धोक्याची गोष्ट करायची नाही. उंचावरून उडी, वाहत्या रस्त्यात पाऊल, गॅसच्या आचेवर हात, यातलं काहीही नाही, कितीही खात्री वाटली तरी. पाटी दोनदा वाचा. तेवढं पुरतं.

अपेक्षाही बेताच्या ठेवा. २०१९ मध्ये बेंजामिन बेअर्ड आणि सहकाऱ्यांना दिसलं की वर्षानुवर्षं ध्यान करणाऱ्यांना सजग स्वप्नं जास्त पडतात. पण आठ आठवड्यांचा माइंडफुलनेसचा, म्हणजे चालू क्षणावर लक्ष ठेवायला शिकवणारा, कोर्स केलेल्यांत तसा फरक पडला नाही. दिवसाची सवय रात्रीपर्यंत झिरपायला दोन महिने पुरत नाहीत, असं दिसतंय. मला यात निराश होण्यासारखं काही वाटत नाही, कारण दिवसाचा फायदा दिवसाच मिळतो. त्यासाठी रात्रीची वाट बघावी लागत नाही.

काहींनी मात्र या वाटेला जाऊ नये. पहाटे गजर लावून उठायची पद्धत झोपेचे तुकडे करते. रेम झोप पहाटेकडे जास्त असते आणि आपण नेमकी तीच मोडतो. रात्रपाळी करणारे, लांब पल्ल्याची गाडी चालवणारे, तान्ह्या बाळाचे आईबाप यांनी तो नाद सोडावा. इस्रायलमधल्या संशोधक निरित सोफर-डुडेक यांनी याहून महत्त्वाची सूचना केली आहे: सजग स्वप्न आपोआप पडणं वेगळं आणि ते मुद्दाम पाडायच्या तंत्रांचा भडिमार वेगळा, या तंत्रांचा संबंध वास्तवापासून तुटल्यासारखं वाटण्याच्या लक्षणांशी दिसून येतो. ज्यांना पूर्वी भास किंवा संशयाचा आजार झालाय, ज्यांच्यावर त्याचे उपचार चालू आहेत, त्यांनी ‘हे स्वप्न तर नाही ना’ हा प्रश्न घोकू नये.

सराव नीट चाललाय की बिघडतोय, हे ओळखायची खूण सोपी आहे. नीट चालला तर समोरचं जग जास्त ठळक, जास्त जवळचं वाटतं. बिघडला तर जग काचेपलीकडे गेल्यासारखं, माणसं खोटी, आपला आवाज दुसऱ्याचा वाटायला लागतो. तसं झालं तर सराव त्याच दिवशी बंद करा, तोंडावर गार पाणी मारा, तळपाय फरशीवर टेकवा, कुणाशी तरी साध्या विषयावर बोला आणि रात्री पुरेसं झोपा. दोन-चार दिवसांतही ते गेलं नाही तर मनोविकारतज्ज्ञांना दाखवा. जवळ कुणी नसेल तर १४४१६ हा सरकारच्या टेली-मानस सेवेचा मोफत क्रमांक आहे, आणि तिथे मराठीत बोलता येतं.